मोटारस्पोर्ट आणि त्याचं टीव्ही प्रक्षेपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शर्यती खरंच कंटाळवाण्या झाल्यात का?

आमच्या मते नाही. बिघडलं आहे ते दाखवणं. फुटबॉल किंवा टेनिसचं अख्खं मैदान एका चौकटीत मावतं. मोटार शर्यत पाच-सहा किलोमीटर लांबीच्या ट्रॅकवर पसरलेली असते, त्यावर वीस-बावीस गाड्या धावत असतात आणि टीव्हीवर एका वेळी दिसतो तो त्यातला एक तुकडा. तुम्हाला कोणती शर्यत दिसणार हे तो तुकडा निवडणारा ठरवतो. शर्यतीचा जीव दोन गाड्यांमधलं अंतर घटण्यात आणि वाढण्यात असतो. ओव्हरटेक हे त्याचं शेवटचं दृश्य झालं. आठ लॅप्स (ट्रॅकच्या फेऱ्या) चाललेला पाठलाग दाखवलाच नाही आणि एकदम ओव्हरटेकचा रीप्ले लावला, तर कितीही चुरशीची शर्यत रटाळ वाटणारच. खालची बहुतेक उत्तरं या एका तक्रारीभोवती फिरतात.

चित्रं कोण निवडतं? आमच्या वाहिनीचे समालोचक की आणखी कुणी?

समालोचकांच्या हातात चित्र नसतं. फॉर्म्युला वनचं मूळ प्रक्षेपण, ज्याला वर्ल्ड फीड म्हणतात, ते स्पर्धेची मालक कंपनीच तयार करते. ट्रॅकवरचे कॅमेरे, गाड्यांवरचे कॅमेरे, हेलिकॉप्टर आणि संघांचा रेडिओ यांचे सिग्नल इंग्लंडमधल्या बिगिन हिल इथल्या केंद्रात जातात आणि जगभरच्या वाहिन्यांना तयार फीड मिळतं. वाहिनीचं स्वतःचं असतं ते समालोचन, शर्यतीआधीची-नंतरची चर्चा आणि ग्रिडवरचा (सुरुवातीच्या रांगेतला) एखादा कॅमेरा. त्यामुळे 'आत्ता हे का दाखवताय' असं समालोचकावर ओरडून उपयोग नाही. त्यालाही तेच दिसत असतं.

मोनॅको हा अपवाद बराच काळ टिकला. तिथलं दिग्दर्शन २०२२ पर्यंत स्थानिक वाहिनीकडे होतं. २०२१ मध्ये चालक वेटेल पिटमधून, म्हणजे टायर बदलायच्या थांब्यावरून, बाहेर आला, दुसरा चालक गॅस्लीच्या चाकाला चाक लावून चढावर निघाला, आणि नेमक्या त्या क्षणी पडद्यावर लान्स स्ट्रोलने कर्बवरून (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून) गाडी उडवल्याचा रीप्ले आला. २०२३ पासून मोनॅकोही मूळ फीडच्या चमूकडे आलं. तरी एक गोष्ट लक्षात ठेवावी: चमू बदलल्याने सवयी आपोआप बदलत नाहीत.

प्रेक्षकांत बसलेल्या नामवंतांचे आणि चालकांच्या मैत्रिणींचे चेहरे इतके का दाखवतात?

नवा प्रेक्षक माणसांमुळे खेळाकडे वळतो, असा त्यामागचा हिशोब. २०१९ पासूनच्या नेटफ्लिक्सच्या 'ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह' या मालिकेने तो हिशोब बराचसा खरा ठरवला. पण मालिका शर्यत संपल्यावर संकलित होते, थेट प्रक्षेपणाला ती सोय नाही. २०२५ च्या सिंगापूर शर्यतीनंतर चालक कार्लोस साइन्झने याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. त्या शर्यतीच्या शेवटी ब्रेक निकामी झालेल्या हॅमिल्टनमागे अलोन्सो दर लॅपला कित्येक सेकंदांनी जवळ येत होता, आणि त्या पाठलागाचा मोठा भाग पडद्यावर आलाच नाही.

आमचा आग्रह असा. पहिल्या तीन लॅप्समध्ये, पिटस्टॉपच्या काळात आणि शेवटच्या दहा लॅप्समध्ये चेहरा दाखवायचा तर छोट्या चौकटीत दाखवावा. रीप्लेलाही हाच नियम लावावा. अपघाताचा पाचवा कोन नंतरही पाहता येतो. चालू झुंज एकदा हुकली की हुकलीच.

वळणावर गाड्या चिकटलेल्या आणि सरळ पट्ट्यावर लांब. मग मागचा जवळ येतोय की मागे पडतोय?

बहुधा दोन्ही नाही. अंतर मीटरमध्ये मोजू नका, सेकंदात मोजा. ताशी ३०० किलोमीटर वेगाने एका सेकंदात गाडी सुमारे ८३ मीटर जाते, ताशी ८० च्या हेअरपिनमध्ये (उलटं फिरवणाऱ्या तीव्र वळणात) जेमतेम २२ मीटर. म्हणजे एक सेकंदाचं तेच अंतर एकीकडे चार गाड्यांच्या लांबीएवढं दिसतं आणि दुसरीकडे पंधरा गाड्यांएवढं.

त्यात लेन्सची भर पडते. लांबून, समोरून धरलेली टेलिफोटो लेन्स अंतर चेपते. पन्नास मीटर मागे असलेली गाडी पुढच्या गाडीच्या पंखाला टेकल्यासारखी दिसते आणि वेगही मरतो. कठड्याजवळ, जमिनीलगत ठेवलेल्या कॅमेऱ्यासमोरून तीच गाडी गेली की पाहणारा दचकतो. असे कॅमेरे वाढायला हवेत. मोटोजीपी या बाइक शर्यतीत तर खूप आधीपासून जायरो कॅमेरा आहे: बाइक साठ अंशांहून जास्त कलली तरी क्षितिज आडवंच राहतं, आणि स्वार किती झुकलाय ते कुणी न सांगता कळतं.

टायमिंगचा स्तंभ कसा वाचायचा?

डावीकडच्या स्तंभात दोन प्रकारचे आकडे आलटून पालटून येतात: आघाडीवीरापासूनचं अंतर आणि लगेच पुढच्या गाडीपासूनचं अंतर. झुंज पाहायची तर दुसरा आकडा धरा. तो सलग तीन लॅप्स प्रत्येकी दोन-तीन दशांशांनी घटत असेल, तर तिकडे काहीतरी शिजतंय. एखाद्याच लॅपमध्ये घटला तर पिवळा झेंडा (वेग कमी करायचा इशारा) किंवा लॅप मागे पडलेली गाडी हे कारण असू शकतं. पात्रता फेरीत जांभळा रंग म्हणजे सर्वांत वेगवान वेळ, हिरवा म्हणजे चालकाची स्वतःची सर्वोत्तम, पिवळा म्हणजे त्याहून संथ.

टायरचा रंगही सोबत वाचा. कोरड्या ट्रॅकवर लाल मऊ, पिवळा मध्यम, पांढरा कडक. ओल्यासाठी हिरवा इंटरमीजिएट आणि निळा फुल वेट. टायर किती लॅप्स जुना आहे हे रंगाइतकंच महत्त्वाचं. वीस लॅप्स चाललेल्या कडक टायरपुढे ताजा मध्यम टायर म्हणजे जवळपास दुसरीच गाडी.

अंडरकट म्हणजे नेमकं काय, आणि तो कधी फसतो?

मागच्याने पुढच्याआधी टायर बदलायचे आणि ताज्या टायरांच्या जोरावर, प्रत्यक्ष ओव्हरटेक न करता पुढे निघायचं. समजा मागची गाडी १.८ सेकंद मागे आहे. ती थांबली, बाहेर आली आणि पुढच्या लॅपमध्ये दोन सेकंदांनी वेगवान गेली. पुढची गाडी एक लॅप उशिरा थांबली आणि दोघांचं काम सारख्याच वेळेत झालं, तर ती बाहेर येताना ०.२ सेकंदांनी मागे असते.

तो तीन कारणांनी फसतो. पहिलं, थंड हवेत कडक टायर लवकर तापत नाही. मग बाहेर आल्यावरची लॅपच संथ जाते आणि उलट उशिरा थांबणाऱ्याचा फायदा होतो. दुसरं, बाहेर आल्यावर गाडी संथ गाड्यांच्या रांगेत अडकते. थांब्याआधी स्तंभात वीस-पंचवीस सेकंद मागे कोण आहे ते बघून ठेवलं, तर हे आधीच दिसतं, कारण पिटमधून संथ वेगाने जावं लागत असल्याने बहुतेक ट्रॅकांवर एका थांब्याची किंमत साधारण तेवढीच असते. तिसरं कारण पिटमधली चूक. चार चाकं बदलायला दोन ते अडीच सेकंद लागतात, मॅक्लारेनने २०२३ मध्ये कतारला १.८० सेकंदांत बदलली. एक नट अडकला की पाच-सहा सेकंद जातात आणि सगळा हिशोब कोलमडतो.

अपघातानंतर सगळ्यांना आपल्यामागे संथ चालवणारी सेफ्टी कार आली की गणित पालटतं. बाकीचे संथ असल्याने थांबा निम्म्याच्या आसपास 'स्वस्त' होतो. त्या क्षणी एकच गोष्ट बघा: पिटचं प्रवेशद्वार कुणी नुकतंच ओलांडलंय आणि कुणाचं अजून पुढे आहे. दिग्दर्शकाने हेच दाखवायला हवं. दिसतो मात्र अपघाताचा रीप्ले.

पडद्यावरचे 'टायर इतके टक्के शिल्लक', 'ओव्हरटेकची शक्यता इतकी' हे आकडे खरे असतात का?

ते अंदाज असतात. टायरचं उरलेलं आयुष्य कुणी चालत्या गाडीवर मोजून पडद्यावर टाकत नाही. लॅपच्या वेळा आणि जुनी माहिती यांवरून संगणक तो आकडा काढतो. त्यापेक्षा सलग पाच लॅप्सच्या वेळा दाखवल्या तर प्रेक्षक स्वतः निष्कर्ष काढेल. आमचा विश्वास त्या वेळांवर जास्त आहे.

२०२६ च्या नियमांत डीआरएस का गेलं, आणि त्याजागी काय आलं?

डीआरएस २०११ ते २०२५ पर्यंत होतं. पुढच्या गाडीच्या एक सेकंदाच्या आत असलेल्याला हवेचा रोध घटवून वेग वाढवायला मागचा पंख उघडायची मुभा होती. २०२६ पासून पुढचा-मागचा पंख हलवणं सगळ्यांनाच खुलं झालं, त्यामुळे तो फायदा मागच्यापुरता उरला नाही. मागच्याला आता विजेची मदत मिळते. विद्युत मोटरची शक्ती १२० वरून ३५० किलोवॅट झाली. पुढच्या गाडीची ही शक्ती ताशी २९० किलोमीटरच्या पुढे कमी होत जाते. एक सेकंदाच्या आत असलेल्या मागच्या गाडीला ती ३३७ पर्यंत पूर्ण मिळावी आणि वर ०.५ मेगाज्यूल ऊर्जा मिळावी, अशी नियमांची मूळ रचना. गाड्याही थोड्या आटोपशीर झाल्या: चाकांमधलं कमाल अंतर ३६०० वरून ३४०० मिलिमीटर, रुंदी २००० वरून १९००.

अडचण बॅटरीची आहे. वापरता येणारी साठवण सुमारे ४ मेगाज्यूल. पूर्ण ३५० किलोवॅटने खर्च केली तर ती साडेअकरा सेकंदांत संपते. म्हणजे चालकाने ती कुठे उधळली आणि कुठे राखली, हाच शर्यतीचा गाभा होतो. एखादी गाडी सरळ पट्ट्याच्या टोकाला अचानक मंदावलेली दिसली तर इंजिन बिघडलंय असं धरू नका. बऱ्याचदा वीज संपलेली किंवा साठवायला घेतलेली असते. बॅटरीची पातळी पडद्यावर सतत दिसल्याशिवाय या नियमांखालची शर्यत प्रेक्षकाला समजणार नाही, हे आमचं ठाम मत.

वर्षाला चोवीस शर्यती आणि वर स्प्रिंट, म्हणजे छोट्या शर्यती. जास्त होतंय का?

हो. १९९० च्या दशकात वर्षाला सोळा-सतरा शर्यती असायच्या. २०२४ आणि २०२५ मध्ये चोवीस झाल्या. लास व्हेगास, कतार आणि अबू धाबी सलग तीन आठवड्यांत घेणं म्हणजे मेकॅनिक, कॅमेरामन आणि तंत्रज्ञांच्या झोपेवर स्पर्धा चालवणं. अठरा ते वीस शर्यती पुरेत.

स्प्रिंटला आमचा सरसकट विरोध नाही. फॉर्म्युला वनमध्ये साधारण १०० किलोमीटरची ही शर्यत २०२३ पासून वर्षातून सहा वेळा होते. पण त्यासाठी सरावाची दोन सत्रं जातात, आणि रविवारी कोण वेगवान असेल याचं उत्तर शनिवारीच मिळून जातं. मोटोजीपीने २०२३ पासून प्रत्येक फेरीत स्प्रिंट ठेवली. ती जास्त रंगते, पण प्रत्येक स्प्रिंट म्हणजे पडण्याची आणखी एक संधी, आणि पडणारा स्वार उघड्यावर असतो.

पाऊस आला की शर्यत थांबवतात. पूर्वीसारखे धाडसी चालक राहिले नाहीत का?

धाडसाचा प्रश्नच नाही, दिसण्याचा आहे. टायर पुरवणाऱ्या पिरेलीच्या माहितीनुसार फुल वेट टायर ताशी ३०० किलोमीटरला सेकंदाला ८५ लिटर पाणी उपसतो, इंटरमीजिएट ३० लिटर. ते पाणी मागच्याच्या डोळ्यांसमोर धुकं होऊन उभं राहतं. गाडीच्या पोटाखालचा हवेचा झोत ते आणखी उंच उडवतो. म्हणून निळ्या टायरची गरज पडेल इतकं पाणी असतं तेव्हा शर्यतच थांबलेली असते. २०१४ मध्ये जपानमधल्या सुझुकाला पावसात ज्यूल बियांकीची गाडी क्रेनवर आदळली, आणि त्यानंतर, २०१५ मध्ये, व्हर्च्युअल सेफ्टी कार (प्रत्यक्ष गाडी न पाठवता सगळ्यांना वेग कमी करायला लावणारी सोय) आली. ते विसरून आज कुणी 'सोडा त्यांना' म्हणू नये.

चूक होते ती निर्णय सांगण्यात. २०२१ मध्ये बेल्जियममधल्या स्पाला लोक तासन्‌तास पावसात बसले, गाड्या सेफ्टी कारमागे दोन-तीन लॅप्स फिरल्या आणि अर्धे गुण वाटून सगळं आटोपलं.

नियम इतके गुंतागुंतीचे, की निकालच कळत नाही. हे ठीक आहे का?

ठीक नाही. अबू धाबी २०२१ मध्ये हॅमिल्टन आणि वेरस्टॅपेन यांच्यामधल्या पाचच गाड्यांना सेफ्टी कारच्या पुढे जाऊ दिलं, बाकीच्यांना नाही, आणि शेवटच्या लॅपमध्ये विजेतेपद फिरलं. पुढे नियमातला शब्दच बदलावा लागला. सुझुका २०२२ मध्ये ५३ पैकी २८ लॅप्स झाल्या. गुण कापले जातील असं बहुतेकांना वाटत होतं, पण शर्यत पुन्हा सुरू झाली असल्याने पूर्ण गुण मिळाले. आपण विश्वविजेता झालो की नाही, हे वेरस्टॅपेनलाही क्षणभर कळेना.

थेट प्रक्षेपणात नियम जाणणारा एक माणूस केवळ याच कामासाठी बसवावा. नियमाचा मजकूर पडद्यावर यावा आणि पंचांचा निर्णय आला की कारण दोन ओळींत वाचून दाखवावं.

मोटोजीपीत वेगवान स्वार कधी कधी मुद्दाम मागे का राहतो?

पुढच्या टायरच्या दाबामुळे. २०२४ पासून नियम असा: शर्यतीच्या किमान ६० टक्के लॅप्स दाब १.८० बार किंवा जास्त हवा, नाहीतर सोळा सेकंदांची शिक्षा. स्प्रिंटमध्ये ३० टक्के लॅप्स आणि आठ सेकंद. दुसऱ्या बाइकच्या मागे गरम हवेत टायर तापतो, दाब वाढतो आणि ब्रेक लावताना पुढचं चाक घसरू लागतं. एकटा पुढे असला की टायर थंड राहतो आणि दाब पडतो. दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद आहे.

२०२५ च्या थायलंड शर्यतीत मार्क मार्केझने आघाडी भाऊ ॲलेक्सला सोडून दिली, त्याच्या मागे राहून दाब वर आणला आणि शेवटी पुन्हा पुढे जाऊन जिंकला. पाहणाऱ्याला आधी ती चूकच वाटली, कारण दाबाचा आकडा पडद्यावर नसतो. आकडा सेन्सरवर असतो, संघाकडे असतो, पंचांकडे असतो. प्रेक्षकालाच तो मिळत नाही.

ले मान्स ही फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत पाहायची तर कशी?

सलग पाहू नका. पहिले दोन तास, अंधार पडतानाचा तास, पहाट आणि शेवटचे तीन तास धरा. ट्रॅक १३.६२६ किलोमीटरचा, लॅप साडेतीन मिनिटांच्या आसपास, आणि आघाडीच्या हायपरकार वर्गात साधारण पाऊण तासाने इंधनासाठी थांबा. म्हणून सगळे थांबून झाल्याशिवाय क्रमांक वाचायचा नाही. गाड्यांचे तीन वर्ग एकत्र धावतात, म्हणून एकाच वर्गात नजर ठेवा, नाहीतर तीन शर्यतींची सरमिसळ होते. हायपरकार वर्गात वेगवेगळ्या रचनेच्या गाड्या वजन आणि शक्ती यांच्या बदलत्या मर्यादांनी बरोबरीत आणल्या जातात. त्यामुळे इतके उत्पादक एकत्र आले, हे मान्य. पण त्या मर्यादांवर संघांना उघड बोलायलाही मनाई आहे, आणि हे आम्हाला पटत नाही.

रॅली टीव्हीवर रंगत का नाही?

गाड्या एकमेकींशी समोरासमोर धावत नाहीत, घड्याळाशी धावतात, आणि काही मिनिटांच्या अंतराने सुटतात. म्हणून स्प्लिट वेळ (वाटेतल्या ठरावीक टप्प्यापर्यंतची वेळ) पडद्यावर कायम हवी. ती असली की एकटी गाडीसुद्धा थरारक वाटते.

चित्र थरथरतं किंवा चौकोनी तुकडे पडतात. सेटिंग काय ठेवावं?

थरथर बहुधा फ्रेमच्या विसंगतीने येते. प्रक्षेपण सेकंदाला ५० फ्रेमचं आणि तुमचा स्ट्रीमिंग बॉक्स ६० हर्ट्झवर असेल, तर दर पाचवी फ्रेम दोनदा दाखवली जाते आणि कॅमेरा वळताना झटके बसतात. बॉक्समध्ये 'मूळ फ्रेम दराशी जुळवा' हा पर्याय सुरू करा, तो नसेल तर हाताने ५० हर्ट्झ निवडा. टीव्हीचा 'स्पोर्ट्स' मोड टाळा. तो रंग आणि शार्पनेस भडक करतो. नॉइझ रिडक्शन बंद ठेवा, नाहीतर डांबराचा पोत पुसला जातो. मोशन स्मूदिंग बंद किंवा अगदी कमी, कारण जास्त असेल तर जाळी, कर्बचे पट्टे आणि गाडीवरची अक्षरं फाटतात.

चौकोनी तुकडे हा टीव्हीचा दोष नाही. गाडीवरच्या कॅमेऱ्यात प्रत्येक फ्रेममध्ये जवळजवळ सगळं चित्र बदलतं, कॉम्प्रेशनला ते झेपत नाही. एचडीसाठी सेकंदाला दहा मेगाबिट आणि फोर-केसाठी पंचवीस मेगाबिट सलग मिळायला हवेत. वायफायऐवजी केबल जोडा आणि घरातली बाकीची डाउनलोड थांबवा.

टायमिंग ॲप चित्राच्या पुढे धावतं. काय करावं?

स्ट्रीमिंग वीस ते साठ सेकंद मागे असतं, ॲप जवळजवळ थेट. स्टार्टचे लाल दिवे विझतात त्या क्षणी ॲपमध्ये शर्यत सुरू होऊन किती सेकंद झाले ते पाहा आणि ॲपमध्ये विलंबाची सोय असेल तर तेवढा भरा. सोय नसेल तर ॲप फक्त लॅपच्या वेळा तपासायला उघडा. फोनच्या सूचना बंद ठेवायला विसरू नका.

रेकॉर्डिंग किती वेळाचं लावावं?

फॉर्म्युला वनची शर्यत धावण्याच्या वेळेने जास्तीत जास्त दोन तास, पण थांबे धरून तीन तासांपर्यंत लांबू शकते. जाहीर वेळेला फॉर्मेशन लॅप (स्टार्टआधीची तयारीची फेरी) सुटते, खरा स्टार्ट त्यानंतर काही मिनिटांनी. दहा मिनिटं आधीपासून एकूण साडेतीन तास लावा. पावसाचा अंदाज असेल तर आणखी एक तास, कारण सुरुवातच लांबली तर हे गणित पुढे सरकतं.

सगळं सशुल्क वाहिन्यांवर गेलं. त्याने खेळाचं नुकसान होतं का?

होतं, आणि ते उशिरा दिसतं. ब्रिटनमध्ये २०१२ पासून निम्म्या शर्यती आणि २०१९ पासून घरची शर्यत सोडून जवळपास सगळं थेट प्रक्षेपण सशुल्क झालं. जर्मनीतही २०२० नंतर तेच झालं. हक्कांचे पैसे वाढतात, पण चॅनेल बदलता बदलता सहज शर्यतीवर थांबणारं दहा वर्षांचं मूल हरवतं. हंगामातल्या किमान चार-पाच शर्यती सर्वांना विनामूल्य दिसाव्यात, ही अट करारातच असावी.

पूर्ण शर्यतीला वेळ नाही. हायलाइट्स पुरतात का?

निकालापुरते पुरतात. झुंज कळायची असेल तर संपूर्ण रेकॉर्डिंगमधल्या पहिल्या पाच लॅप्स, पहिल्या थांब्यांभोवतीच्या दहा आणि शेवटच्या दहा पाहा. मधल्या भागात फक्त टायमिंगचा स्तंभ दिसेल इतक्या वेगाने पुढे न्या, आणि एखादं अंतर घटताना दिसलं की तिथे थांबा.